मे महिन्याच्या पाण्यातली अग्निशमन बोट : पानशेतच्या फुगवट्यावरचं एक प्रकरण

पानशेत धरणाच्या तानाजीसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर एक पर्यटन केंद्र आहे. नाव इथे महत्त्वाचं नाही, मांडणी महत्त्वाची आहे. उतारावर लाकूड-बांबूची चौदा कॉटेज. खाली तरंगती जेटी आणि तिला बांधलेल्या नऊ पेट्रोल बोटी. जेटीपासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलचा साठा. पुण्याकडून येणारा बंब सिंहगड रस्त्याने, खडकवासल्याच्या चौपाटीवरून येणार. रविवारी संध्याकाळी त्या चौपाटीवर कणसं खायला थांबलेल्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. शिवाय पलीकडच्या काठाचा शेवटचा रस्ता वळणांचा आणि अरुंद. पाण्यावरून सरळ गेलं तर हेच अंतर धरणाच्या बाजूच्या धक्क्यापासून तीन किलोमीटर भरतं.

म्हणून केंद्राने छोटी अग्निशमन बोट करायचं ठरवलं. पहिला प्रस्ताव आला तो असा: पाच मीटर लांब, 1.6 मीटर रुंद फायबरची होडी, मागे एक 40 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, मध्ये मिनिटाला 275 लिटर देणारा हलका पेट्रोल पंप आणि पुढच्या टोकावर मिनिटाला हजार लिटरचा मॉनिटर, म्हणजे जोरदार धार सोडणारी, वळवता येणारी पाण्याची तोफ. चित्रात लाल रंगात छान दिसत होती. पण 275 लिटरच्या पंपावर हजार लिटरचा मॉनिटर चालत नाही, ही त्यातली सर्वांत किरकोळ चूक होती.

आग कधी लागते आणि पाणी तेव्हा कुठे असतं

या जलाशयावर आगीचा हंगाम फेब्रुवारी ते मे. डोंगरउतारावरचं गवत वाळतं, वणवे लागतात, कॉटेजची लाकडं कोरडीठाक होतात आणि सुट्ट्यांमुळे बोटी दिवसभर पेट्रोल भरत असतात. नेमक्या याच महिन्यांत पाणी सर्वांत खाली असतं. पानशेतचं 10.65 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी हे खडकवासल्याच्या 1.97 टीएमसीच्या छोट्या भांड्यात सोडण्यासाठीच साठवलेलं आहे, पुण्याला प्यायला आणि पुढे कालव्याला. त्यामुळे उन्हाळ्यात पातळी उतरणं हा अपघात नाही, धरणाचं ते कामच आहे.

पाणी पूर्ण संचय पातळीला असताना कॉटेज काठापासून 70 मीटरवर आणि 8 मीटर उंचीवर आहेत. मेमध्ये पाण्याची कड आणखी 130 मीटर मागे सरकते आणि 12 मीटर खाली जाते. म्हणजे 200 मीटर अंतर, 20 मीटर चढ, आणि मधल्या पट्ट्यात गाळ, भेगाळलेली जमीन, झाडांचे खुंट आणि बुडालेल्या वस्तीच्या दगडी जोत्यांचे अवशेष. गाळपेर केलेली असेल तर कुणाची तरी काकडीही.

पहिला प्रस्ताव जुलैच्या पाण्यासाठी काढलेला होता. बोटीचा प्रत्येक आकडा मेच्या पाण्यापासून मागे मोजत आणायचा, हे एकदा ठरल्यावर बाकीचे बरेचसे निर्णय आपोआप पडत गेले.

मागे ढकलणारं पाणी

मॉनिटरमधून 7 बार दाबाने मिनिटाला 1000 लिटर पाणी सुटतं तेव्हा धारेचा वेग सेकंदाला सुमारे 37 मीटर असतो. सेकंदाला 16.7 किलो पाणी त्या वेगाने पुढे फेकलं की तेवढाच धक्का मागे बसतो: सुमारे 620 न्यूटन, म्हणजे 63-64 किलो वजनाइतका जोर. जमिनीवरच्या बंबाला हा धक्का जाणवतही नाही. दोन टनांच्या बोटीला मात्र तो सतत कुणीतरी मागे ओढत असल्यासारखा लागतो. चालकाने इंजिन पुढच्या गिअरमध्ये ठेवून तो तोलायचा असतो. वाऱ्याच्या बाजूने आगीकडे जावं, हा नियम धुरासाठी आहेच. पण मागून येणारा वारा या धक्क्याला तोलून धरेल या भरवशावर राहू नये. सेकंदाला 8 मीटरचा चांगला वारा बोटीच्या पाठीवर जेमतेम शंभर-सव्वाशे न्यूटन जोर लावतो.

धार आडवी मारली की प्रश्न वेगळा. मॉनिटरचं तोंड पाण्यापासून 1.6 मीटर वर आणि बोटीचा बाजूचा विरोध पाण्याखाली 20 सेंटिमीटरवर धरला, तर 1.8 मीटरच्या तरफेवर 620 न्यूटन. पहिल्या प्रस्तावातली अरुंद फायबर होडी भरल्यावर 900 किलोची होती आणि तिची मेटासेंटरची उंची (ही जितकी जास्त तितकी बोट कलंडायला अवघड) 0.35 ते 0.4 मीटर निघत होती. हिशेबाने ती अठरा ते एकवीस अंश कलंडते. त्यात जवान तोल जाऊन त्याच बाजूला झुकला की काठावरून पाणी आत. साडेसहा मीटर लांब, 2.3 मीटर रुंद, भरल्यावर 1840 किलोची बोट त्याच धारेला साडेचार अंश कलंडते. हा फरक इंजिनाने येत नाही, रुंदीने येतो.

दुसरा त्रास चाचणीत दिसला. मॉनिटर अगदी पुढच्या टोकावर होता. धार काटकोनात वळवली की बोटीचं तोंड विरुद्ध दिशेला फिरायला लागायचं, चालक स्टिअरिंग वळवायचा, धार लक्ष्यावरून सुटायची, मॉनिटरवरचा जवान पुन्हा वळवायचा. दोघंही आपापल्या परीने बरोबर वागत होते आणि पाणी तलावात पडत होतं. मॉनिटर पुढच्या टोकापासून एक तृतीयांश लांबीवर आणला, दोन्ही बाजूंना 60 अंशांवर लोखंडी अटकाव बसवला आणि त्यापलीकडे मारायचं असेल तर बोटच वळवायची असा नियम केला. एकाऐवजी दोन 40 अश्वशक्तीची इंजिनं घेण्याचं खरं कारणही हेच: दोन इंजिनं वेगवेगळ्या जोराने चालवून बोट जागेवर धरता येते. एक बंद पडलं तर परत येता येतं, हा फायदा वरचा.

सांगाडा आणि वजनाचा हिशेब

फायबर बाद झालं ते दोन कारणांनी. पेटत्या पेट्रोलच्या तवंगाजवळ रेझिन जळतं, आणि खुंटावर आपटलेल्या फायबरला पडलेली चीर तळाखाली दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमही आगीत मऊ पडतं, त्याचं कौतुक करायला नको. पण पाण्याला टेकलेला पत्रा थंड राहतो आणि वर फवाऱ्याची सोय करता येते. 5083 प्रतीचा पत्रा घेतला, तळाला 5 मिलिमीटर, बाजूंना 4. भोसरी-चाकण पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारे भरपूर आहेत. पण टाक्या आणि कंटेनरची बॉडी वेल्ड करणं वेगळं आणि पाणी धरणारी शिवण वेल्ड करणं वेगळं. प्रत्येक शिवणीला आतून खडूची पूड आणि बाहेरून रॉकेल लावून ओल झिरपते का, ही जुनी चाचणी इथे पुरेशी ठरली.

वजन किलोमध्ये असं बसलं: सांगाडा 620, दोन इंजिनं 200, डिझेल पंपसेट 190, मॉनिटर आणि पाइप 55, इंधन 85, साहित्यासह चार माणसं 360, आग विझवायचा फोम 84, चार होज (पाण्याच्या लवचीक नळ्या) 36, नांगर आणि साखळ्या 45, बॅटऱ्या 40, श्वसनसंचांची जोडी 32, हातातली अग्निशामकं 20, स्ट्रेचर आणि हत्यारं 40, दिवे-खांब-वायरलेस 30. बेरीज 1837. वाचवलेले चारजण चढले तर 2137. हा तक्ता बोट बांधण्याआधी केला म्हणून होज आणि फोमवर मर्यादा घालता आली. एरवी अशा बोटीत वर्षभरात कुणी ना कुणी 'असू दे एक जास्तीचा' म्हणत दोनशे किलो सामान वाढवतो आणि मग बोट पाण्यावर उचलतच नाही.

या वजनावर 80 अश्वशक्ती ताशी 35 ते 40 किलोमीटर देते. तीन किलोमीटरला सहा मिनिटं हवी होती, ताशी 30 त्याला पुरते. जलाशय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथे साध्या इंजिनाची ताकद सुमारे सहा टक्के घटते, मेच्या उन्हात आणखी थोडी. मुंबईच्या खाडीतले आकडे इथे उतरवून घेतले की फसगत होते.

आणि एक बाब जी नकाशावर दिसत नाही. दाबाखालची होज बोटीच्या आत फुटली तर मिनिटाला एक टन पाणी बोटीत पडतं. तळातलं पाणी उपसायला लावलेला ताशी 3000 लिटरचा छोटा पंप मिनिटाला 50 लिटर काढतो. म्हणजे विसावा हिस्सा. म्हणून डेक पाण्याच्या पातळीच्या वर, बंद आणि मागे किंचित उताराचा ठेवला, मागच्या बाजूला पाणी निघायला झडपेच्या दोन मोठ्या खिडक्या दिल्या, आणि दाबाचा सगळा पाइप डेकच्या वर. डेकखाली दाबाचा एकही सांधा नाही. डेकखालच्या पोकळीत तरंगण्यासाठी बंद छिद्रांचा घट्ट फोम सव्वा घनमीटर भरला. बोट पाण्याने पूर्ण भरली तरी सांगाडा, इंजिनं आणि पंप मिळून सुमारे 900 किलोचा भार पाण्यात उरतो, तो हा फोम धरून ठेवतो.

पंप, आणि पंपाआधीचं पाणी

7 बारला मिनिटाला 1000 लिटर म्हणजे पाण्यात उतरणारी शक्ती 11.7 किलोवॅट. छोट्या पंपाची कार्यक्षमता 58 टक्के धरली तर आसावर 20 किलोवॅट लागतात. उंची, उष्मा आणि इंजिनाचं वय धरून 25 किलोवॅटचं डिझेल इंजिन घेतलं. तासाला सहा लिटर डिझेल, 30 लिटरच्या टाकीत पाच तास. पेट्रोल पंप वजनाला हलका पडला असता. पण महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात आजचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल ठेवणं धोक्याचं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं होतं, आणि इंजिन पहिल्यांदा ओढून घेतं ते तळाचंच. आउटबोर्ड इंजिनं पेट्रोलवरच आहेत, त्यांना पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला आणि महिन्याहून जुनं पेट्रोल काढून नव्याने भरायचं ठरवलं.

पंप कधी हरत नाही, हरतं ते त्याला पाणी पोचवणारं तोंड. बहुतेक छोट्या बोटींत चार इंची सक्शन होज काठावरून पाण्यात टाकतात. जवानाचा एक हात त्यात अडकतो, बोट हलली की गाळणी वर येते आणि पंप हवा धरतो. इथे बोटीच्या तळाला पाणी घेण्याची पेटी केली. जाळीपाशी पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त नको, नाहीतर जलपर्णीची पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीला चिकटून बसतात. सेकंदाला 16.7 लिटरसाठी उघडी जागा 330 चौरस सेंटिमीटर हवी. पत्र्याला निम्मी भोकं धरली तर जाळी 660 चौरस सेंटिमीटर, साधारण 26 बाय 26. तळाकडे तोंड असल्याने बोटीचा तळच वरचं झाकण होतो आणि भोवरा पडून वरची हवा आत येत नाही.

पेटीची खरी खुबी तिच्या उंचीत आहे. ती तळापासून वर, भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या रेषेच्या 30 सेंटिमीटर वर काढली आणि वर पितळी चिमट्यांचं झाकण दिलं. बोट तरंगत असताना झाकण उघडलं तरी पाणी वर येत नाही, त्याची पातळी बाहेरच्या तलावाइतकीच राहते. जवान आत खोल हात घालतो, जाळीवरून पानं, गाळ, एकदा तर अख्खी चप्पल काढतो, झाकण लावतो. पंप बंद करून हे काम दोन मिनिटांत होतं. उलटं पाणी मारून जाळी धुण्याची सोय कागदावर आकर्षक वाटते, पण जाळी तुंबल्यावर पंपाकडेच पाणी नसतं, तर उलटं मारायचं काय?

चाचणीत आणखी एक दोष निघाला. वेगाने येऊन थांबल्याबरोबर पंप चालू केला की पहिली मिनिटभर दाबाचा काटा 2 आणि 5 बारच्या मध्ये नाचायचा. कारण सोपं होतं: बोट वेगात असताना पुढच्या टोकाखालून बुडबुडे तळाशी सरकत पेटीत जमा होत. पेटीच्या माथ्यावर 20 मिलिमीटरचा हवा निघायचा पाइप लावला, धावताना सक्शनचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि थांबल्यावर दहा सेकंद थांबून उघडायचा असं ठरलं. पंपाचा आस पाण्याच्या रेषेपेक्षा थोडा वर असल्याने विजेवरचा प्राइमर (हवा ओढून पंपात पाणी भरणारा छोटा पंप) लागतोच. शेतातल्या विहिरीवर फूटव्हॉल्व्ह गळला की काय होतं हे इथल्या कामगारांना शाळेत शिकवावं लागत नाही, इथे फक्त गळती हवेची असते. महिन्यातून एकदा सक्शन बंद करून प्राइमरने 0.7 बार निर्वात घ्यायचं आणि पाच मिनिटांत काटा एक तृतीयांश बारपेक्षा जास्त उतरला तर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावत बसायचं. दहातल्या आठ वेळा दोष रबरी वॉशरमध्ये सापडतो.

राखीव म्हणून तीन वाटांच्या व्हॉल्व्हवर एक 100 मिलिमीटरची सक्शन होज बाजूला ठेवली आहे. पंपाने पाणी फार खालून उचलायचं नसतं, पण इथे हवेचा दाबच 10.3 नव्हे तर सुमारे 9.6 मीटर पाण्याइतका आहे, हे धक्क्यावर पंप ठेवून खालून पाणी ओढू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पेटलेली बोट

जेटीला बांधलेली सहा मीटरची बोट पेटली, तर मॉनिटरची सरळ धार मारणं हा सर्वांत वाईट उपाय. ती धार पेट्रोल पाण्यावर उडवते आणि तवंग शेजारच्या बोटीखाली सरकतो. शिवाय पेटत्या होडीत दोन मिनिटांत दोन टन पाणी भरलं की ती बुडते आणि टाकीतलं पेट्रोल जळत वर येतं. इथे फोम हवा.

फोममध्ये दोन अडचणी. पहिली, इथेनॉलयुक्त पेट्रोल साध्या फोमचा थर खाऊन टाकतं, म्हणून अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. दुसरी, हे पुण्याच्या पिण्याचं पाणी आहे. नेहमीच्या, पेट्रोलवर पाण्याचा पातळ पडदा धरणाऱ्या फोममधली फ्लोरिनची रसायनं निसर्गात मोडत नाहीत. त्यामुळे फ्लोरिनविरहित आणि अल्कोहोलरोधक असाच फोम मागवला. हा फोम नाजूक असतो: हवा मिसळणाऱ्या फोम ब्रांचमधून (ब्रांच म्हणजे होजच्या टोकाची हातात धरायची नळी), हलक्या हाताने, पेटत्या बोटीच्या आतल्या बाजूवर आपटून खाली घरंगळू द्यायचा. धुक्याच्या नोझलमधून मारला तर अर्धा वाया जातो.

मिनिटाला 225 लिटरच्या ब्रांचवर 6 टक्के मिश्रण धरलं तर मिनिटाला साडेतेरा लिटर फोम संपतो. बोटीवरचे वीस लिटरचे चार कॅन सहा मिनिटं पुरतात. एका छोट्या बोटीला आणि तिच्याभोवतीच्या तवंगाला एवढं पुरतं, नऊ बोटींना नाही. आणखी सहा कॅन जेटीच्या वरच्या शेडमध्ये, सावलीत. कॅनवर भरल्याची तारीख रंगाने लिहिलेली असते, नाहीतर जुना आणि नवा ओळखू येत नाही.

फोम चालू असतानाच दुसरा जवान पेटती बोट जेटीपासून तोडतो. त्यासाठी चार नख्यांचा गळ, त्याला तीन मीटर लोखंडी साखळी, आणि मग दोर. साखळी नसेल तर नायलॉनचा दोर क्षणात वितळतो आणि पेटती बोट सुटून वाऱ्याने दुसरीकडे लागते. ओढायचा खांब मॉनिटरच्या पायथ्याला नव्हे, मागच्या बाजूला दोन्ही इंजिनांच्या मध्ये. बाजूला बांधून ओढलं की बोट कलंडते.

जवानाच्या अंगावरच्या जड कोटावर 150 न्यूटनचं लाइफजॅकेट चढतं, पायात गमबूट नाहीत. पाण्याने भिजल्यावर गोळी विरघळून आपोआप फुगणारं जॅकेट इथे घ्यायचं नाही. मॉनिटरच्या तुषाराने ते जवानाच्या गळ्यापाशी कामाच्या मधोमध फुगतं. फोमचं साधं जॅकेट किंवा पाण्याचा दाब पडल्यावरच फुगणारं चालतं.

काठावर चढवायचं पाणी

पेटलेली बोट ही या बोटीची सोपी परीक्षा. अवघड परीक्षा मेमधलं कॉटेज. मॉनिटरची धार निवांत हवेत चाळीसेक मीटर जाते, कॉटेज 200 मीटरवर. मग बोट हा फक्त तरंगता पंप.

हिशेब असा. 63 मिलिमीटरच्या होजमधून मिनिटाला 500 लिटर वाहताना दर शंभर मीटरला सुमारे 1.1 बार दाब घर्षणात जातो. 20 मीटर चढाला 2 बार. एकाच होजने 200 मीटर गेलं तर 2.2 अधिक 2, म्हणजे 7 पैकी 4.2 बार वाटेतच. ब्रांचवर 2.8 उरतो, तो कॉटेजच्या छपरापर्यंत पोचत नाही. दोन समांतर रांगा टाकल्या तर प्रत्येकीत प्रवाह निम्मा आणि घर्षण चौथा हिस्सा. मग ब्रांचवर साडेचारच्या आसपास दाब उरतो आणि काम होतं. पण 200 मीटरच्या दोन रांगांना पंधरा मीटरच्या 28 होज लागतात, सुमारे अडीचशे किलो. त्या बोटीत मावत नाहीत.

तोडगा जमिनीवर निघाला. पूर्ण संचय पातळीच्या वरच्या 70 मीटरमध्ये 100 मिलिमीटरची कोरडी, म्हणजे एरवी रिकामी असणारी, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन टाकली, खाली दोन आत घेणारी तोंडं, वर चार हायड्रंट. एवढ्या जाड पाइपात 500 लिटरचं घर्षण 0.1 बारही होत नाही. पातळीखालच्या बुडित क्षेत्रात पाइप टाकलेला नाही: ती जमीन जलसंपदा विभागाची, आणि दर पावसाळ्यात गाळाखाली जाणारा पाइप कुणी तपासणार नाही. खालच्या 130 मीटरसाठी दोन रांगांच्या अठरा होज पाइपलाइनच्या तोंडाशी चाकांच्या पेटीत ठेवल्या. बोट काठाला आली की काठावरचे चौघं होज खाली उलगडत येतात, आणि 7 मधून चढाचे 2, दोन रांगांचे 0.4, पाइपाचे 0.1 आणि वरच्या 30 मीटर होजचे 0.35 वजा जाऊन ब्रांचवर 4.1 बार मिळतात.

सराव घेतला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यात जास्त वेळ पंपाला लागला नाही, कपलिंगला लागला. बोटीवरची तोंडं आणि काठावरच्या होज वेगवेगळ्या दुकानातून आल्या होत्या. दोन्ही 63 मिलिमीटरच्या, पण एक आयएस 903 या भारतीय मानकाची झटपट जोडणारी आणि दुसरी आट्यांची. आता सगळं आयएस 903 चं आणि होज आयएस 636 ची. उताराला होज टाकताना दगडी जोत्यांच्या कडेवर गोणपाट घालतात, नाहीतर दाब आल्यावर होज हलते आणि कड तिला कापते.

मेमध्ये बोट ठेवायची कुठे

उतरता धक्का जुलैसाठी होता, मेमध्ये तो गाळात संपतो. ट्रॉलीवरून बोट उतरवायला गेलेला ट्रॅक्टर रुतला की आधी ट्रॅक्टर काढायचा. फेब्रुवारी ते जून बोट पाण्यातच राहते, जुन्या नदीपात्राच्या खोल भागात बोयाला बांधून, आणि चौघं छोट्या वल्ह्यांच्या होडीने तिच्यापर्यंत जातात. बोयाची साखळी मेच्या खोलीला आखूड आणि ऑगस्टच्या खोलीला लांब करावी लागते. एकाच लांबीची साखळी ठेवली की उन्हाळ्यात बोट मोठ्या वर्तुळात फिरते आणि खुंटावर जाऊन बसते.

गोड्या पाण्यात, बोट गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड निकामी राहतात, मॅग्नेशियमचे लावले. गनमेटलची तोंडं थेट अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपाला बोल्ट केली होती. एका पावसाळ्यानंतर सांध्याभोवती पांढरी पूड आणि खालचा पत्रा खडबडीत. आता नायलॉनचे बुश, आणि जिथे शक्य तिथे अ‍ॅल्युमिनियमचीच कपलिंग.

नोंदणीबाबत थोडक्यात: यांत्रिक बोट असल्याने अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार सर्वेक्षण आणि नोंदणी, आणि जलाशय वापरायला जलसंपदा विभागाची परवानगी. हे कागद बोट बांधायच्या आधी चालू करावेत. सर्वेक्षकाने सांगितलेला एक पडदा, म्हणजे डेकखालची आडवी भिंत, नंतर बसवायचा म्हणजे फोम भरलेलं डेक कापायचं.

आठवड्याला शुक्रवारी, पर्यटक येण्याआधी, पंप दहा मिनिटं पूर्ण दाबावर. पाच मिनिटं मॉनिटर, पाच मिनिटं होज. पेटीचं झाकण उघडून जाळीला हात लावून बघायचा. काठावरची पेटी उघडून अठरा होज मोजायच्या, कारण कोरड्या उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायला कुणीतरी एखादी घेऊन गेलेलं असतं.